घाट उतरलीस की निम्मं लंडन आलं

भाचीबाई,

तिकीट काढलंस म्हणे. परवा तुझ्या बाबाने फोनवर मला ऐकवलं, "ताई, मुंबई ते लंडन ७,२०० किलोमीटर, आणि विमान पावणेदहा तासांत नेतं." आवाजात असा रुबाब, जणू विमान हाच हाकणार आहे. मी म्हटलं, ते सात हजार दोनशे राहू देत बाजूला. कामशेतहून सहारपर्यंतचे शंभरएक किलोमीटर कसे जायचे, ते ठरवलंत का? गप्प बसला.

माझा लेक तिकडे गेल्यापासून मी चार वेळा जाऊन आले. चारही वेळा हवेत मला काही झालं नाही. जे काय झालं ते घाटात, वजनकाट्यापाशी, घड्याळात आणि एकदा तर चक्क कॅलेंडरात. म्हणून लिहून ठेवते. वाच, हस, आणि हा कागद पासपोर्टच्या पिशवीत टाक.

१. किती किलोमीटर ते विचारू नकोस, किती तास ते विचार. आणि तासही आपल्या घराच्या कडीपासून तिकडच्या खोलीच्या कडीपर्यंतचे विचार — घरून विमानतळ तीन तास, तिथं थांबणं तीन, हवेत पावणेदहा, उतरल्यावर रांग आणि सामान पावणेदोन, पुढे खोलीपर्यंत दीड. झाले की नाही एकोणीस?

२. तिकिटावरची सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची लंडनची — एकातून दुसरी वजा करशील तर गोंधळ ठरलेलाच.

आमच्या पहिल्या खेपेला, मे महिन्यात, तुझे मामा चष्मा लावून तिकीट वाचायला बसले. रात्री दोनला सुटतं, सकाळी सव्वासातला पोचतं. म्हणजे सव्वापाच तास. येताना रात्री साडेनऊला सुटतं आणि दुसऱ्या दिवशी अकराला पोचतं, म्हणजे साडेतेरा. चष्मा काढून मला म्हणाले, "अगं, जाताना उतार आणि येताना चढ आहे वाटतं, आपल्या बोरघाटासारखा!" जन्म लोणावळ्याच्या यार्डात काढलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार?

३. खरा वेळ काढायची सोपी युक्ती सांगते: जाताना दिसणारे तास आणि येताना दिसणारे तास यांची बेरीज कर आणि निम्मी कर — घड्याळातला फरक एकदा उणा होतो, एकदा अधिक, आणि आपोआप फिटतो. सव्वापाच अधिक साडेतेरा, पावणेएकोणीस. निम्मे केले की साडेनऊच्या जरा आत.

४. त्या निम्म्यातही जाणं थोडं लांब आणि येणं थोडं आखूड असतं, म्हणजे मामांच्या अंदाजाच्या बरोबर उलटं — दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदी वाहते. जाताना विमान तिच्याविरुद्ध पोहतं, येताना तिच्या पाठीवर बसतं. थंडीत ती जास्त जोरात असते, त्यामुळे डिसेंबरात घरी येशील तेव्हा अर्धाएक तास लवकर आलीस तर पायलटचं कौतुक जरा बेतानेच कर.

५. काट्यांचं घड्याळ सोबत ठेव — हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं, आणि आपली वेळ लावलेलं घड्याळ उलटं धरलं की तिकडची वेळ दिसते. इथे तीन वाजले असतील तर उलट्या घड्याळात साडेनऊ. करून बघ, मी स्वयंपाकघरात पन्नासदा केलंय.

६. उन्हाळ्यात त्या उलट्या घड्याळात एक तास मिळव — मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे घेतात. तू सप्टेंबरात पोचशील तेव्हा फरक साडेचाराचा, दिवाळीच्या सुमारास साडेपाचाचा. तेवढं तुझ्या आईला आत्ताच समजावून जा, नाहीतर तुला पहाटे उठवून विचारेल, जेवलीस का?

७. आता कॅलेंडराचं. हे जरा लांबण लावून सांगते, कारण इथे मी नाक कापून घेतलंय.

तिसऱ्या खेपेचं माझं तिकीट चौदा तारखेचं होतं, रात्री एक वाजून चाळीस मिनिटांचं. चौदाला दिवसभर मी निवांत. सकाळी शेजारणींना हळदीकुंकू, दुपारी शेंगदाण्याची चटणी कुटून पिशवीत भरली, संध्याकाळी देवापुढे नारळ. जीपमध्ये आम्ही नऊ जण, त्यातले आठ पोचवायला. साडेनऊला विमानतळाच्या दाराशी उभे. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत तिकीट पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "काकू, हे विमान तर काल रात्रीच गेलं." मागे आठ माणसं हारतुरे घेऊन उभी! हार परत पिशवीत घालताना जो आवाज होतो ना, तो मला अजून ऐकू येतो.

म्हणून: विमान रात्री बारानंतरचं असेल तर आदल्या दिवसाच्या चौकटीत लाल पेनाने "आज निघायचं" असं लिही — रात्री बाराला तारीख बदलते, पण आपल्या डोक्यात ती सकाळी दूधवाला आल्यावर बदलते.

८. विमानतळाचं नाव तिकिटावर तीन अक्षरांत असतं, ते वाच — बीओएम म्हणजे सहार, एनएमआय म्हणजे उलव्याचा नवी मुंबई विमानतळ, पीएनक्यू म्हणजे पुण्याचं लोहगाव. ऑक्टोबर २०२५ मध्ये उलव्याचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरात विमानं उडू लागली. आपल्या मावळाला ते जवळ पडतं खरं, पण मनाला जवळ वाटलं म्हणून तिकीट बदलत नाही.

९. आणि गाडीवाल्याला लोहगाव सांगायचं असेल तेव्हा दोनदा सांग — आपल्याकडचे लोक झोपेत लोहगड ऐकतात आणि मळवलीला वळतात.

१०. तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उघड — गणपतीआधी पनवेलपुढे कोकणची गर्दी, अनंत चतुर्दशीला मुंबईचे रस्ते बाप्पाचे. त्या दिवशी विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्रीच पार्ल्याला मावशीकडे जाऊन झोप.

११. रविवारी रात्रीचं विमान शक्यतो घेऊच नकोस — रविवारी संध्याकाळी भुशी धरणावर भिजून, कणसं खाऊन अख्खी मुंबई परत निघालेली असते, आणि ती सगळी खालापूरच्या नाक्यावर तुझ्या पुढे उभी असते. शनिवारी सकाळी हीच मंडळी वर चढतात, तेव्हा घाट उतरणाऱ्याला त्यातल्या त्यात बरं.

१२. पावसाचे दिवस आहेत तोवर सकाळी उठल्या उठल्या घाटाची खबर घे — २०१५ च्या जुलैत आडोशीच्या बोगद्यापाशी दरड आली, २०२३ च्या जुलैत पुन्हा तिथेच आली. दरडीला तुझं तिकीट वाचता येत नाही.

१३. रस्ता तुंबला तर रेल्वे, रेल्वे अडली तर रस्ता, असे दोन्ही बेत तयार ठेव. पण रेल्वेने जायचं तर बॅगा दोनच आणि सोबत एक दणकट चुलतभाऊ — दादरचा जिना चढताना चाकांच्या बॅगेची चाकं काही कामाची नसतात.

रेल्वेवरून मामांची आठवण निघालीच आहे तर सांगते. आपला हा रेल्वेचा घाट १८६३ पासून चालू आहे. चढ असा की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. कर्जतला प्रवासी वडा खायला उतरतात, तेवढ्यात गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात आणि ती खालून ढकलत गाडी वर आणतात. घाट उतरताना काळजी वेगळी: तिथे ओढायचं नसतं, धरायचं असतं; ब्रेक नीट आहेत ना, हे बघूनच गाडी पुढे जाते. मामा म्हणायचे, चढाला मागून ढकलणारा लागतो, उताराला मागून धरणारा. घरातून निघतानाचं मात्र उलटं आहे. तिथे धरणारेच फार.

१४. म्हणून निरोपाची वेळ निघायच्या वेळेच्या एक तास आधीची सांग — "बसा हो, चहा तरी घेऊन जा" यात चाळीस मिनिटं जातात आणि उरलेल्या वीस मिनिटांत आजीला बाथरूमहून बाहेर यायचं असतं.

१५. पोचवायला दोघांपेक्षा जास्त माणसं नेऊ नकोस — विमानतळाच्या आत तिकीटवालीच जाते, बाकीचे काचेला नाक लावून उभे राहतात आणि त्यांच्यासाठी रडायला थांबताना तुझी रांग वाढते.

१६. फूड मॉलवर थांबायचं असेल तर एकदाच, आणि फक्त मोकळं व्हायला — वडापावच्या रांगेत घड्याळ दुप्पट पळतं.

१७. घाटात कान बंद होतात तेव्हा जांभई देतेस ना, तीच विमान उतरताना द्यायची — विमानाच्या आतली हवा अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवरच्या हवेसारखी विरळ ठेवतात. आपलं लोणावळं सव्वासहाशे मीटरवर, लोहगड हजारावर थोडा, कळसूबाई १,६४६. म्हणजे तू रात्रभर कळसूबाईच्याही वर बसलेली असतेस. पनवेलहून आणलेलं वेफर्सचं पाकीट खंडाळ्यात येईतो टम्म फुगलेलं असतं ते आठव, विमानात पोटही तसंच फुगतं. म्हणून राजमा-छोले तिथे नकोत.

१८. पाणी मागून मागून पी — आत हवा इतकी कोरडी असते की आपल्या पागोळ्यांच्या गावच्या माणसाचे ओठ दोन तासांत फुटतात. लाज वाटत असेल तर रिकामी बाटली सोबत ने आणि तपासणी झाली की भरून घे.

१९. जागा रस्त्याकडेची घे आणि दर दोन तासांनी उठून फेरी मार — दहा तास बसल्यावर पाय असे सुजतात की चपलाही ओळख देत नाहीत. खिडकीतून रात्री दिसतं काय? आपल्याच नाकाचं प्रतिबिंब.

२०. वजन घरी कर, तिथे नाही — वाण्याच्या दुकानातल्या भाताच्या पोत्याच्या काट्यावर बॅग ठेव, त्याला सांग लंडनला चाललेय, पैसेही घेणार नाही. तेवीस किलो म्हटलं असेल तर बावीसवर थांब. काट्याला आत्याची माया कळत नाही.

२१. इंद्रायणी तांदूळ दोन किलो पुरे — आपल्या वडगावच्या केंद्रात तयार झालेला तांदूळ आहे, अभिमान मलाही आहे, पण अभिमानाचंही वजन धरतात.

२२. सुक्या खोबऱ्याची वाटी बॅगेत टाकू नकोस — त्यात तेल असतं, आणि विमानाच्या नियमात ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. माझ्या पाच वाट्या एकदा तपासणीत निघाल्या, ती मुलगी म्हणाली, "आजी, हे ज्वालाग्राही आहे." मी म्हटलं, बाई, आमच्याकडे याची चटणी करतात.

२३. पेढे, खवा, तूप नको — भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत. आईने डबा भरलाच तर विमानतळावर बाबाला परत दे. त्याची साखर बघून बेताने दे.

२४. लोणच्याची बरणी मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून, जुन्या परकराच्या मधोमध — हातातल्या बॅगेत शंभर मिलीलिटरपेक्षा मोठ्या भांड्यातलं पातळ चालत नाही, आणि तेल सुटलेलं लोणचं पातळच धरतात.

२५. पॉवरबँक मात्र याच्या उलट, हातातल्याच बॅगेत — ती तापून पेटली तर माणसांच्या नजरेसमोर पेटावी, पोटातल्या सामानात नको.

२६. चिक्की बिनधास्त ने, पण विमानात फोडण्याआधी शेजाऱ्याला विचार — काही लोकांना शेंगदाण्याचं इतकं वावडं असतं की जीवावर बेततं. आपण लोणावळ्याची माणसं, आपल्याला हे पटायला वेळ लागतो; मलाही लागला.

२७. औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, विद्यापीठाचं पत्र आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत — मोठी बॅग कधीकधी तुझ्याआधी नाही, तुझ्यानंतर दोन दिवसांनी पोचते.

२८. मधे विमान बदलायचं असेल तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर घे — पहिलं उशिरा आलं तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटं घेतलीस तर तुझी. दुबईवरून जाणं स्वस्त पडतं म्हणतात, मुंबईहून तीन तासांचं ते अंतर. पण तिथे मधे किती तास बसायचं ते आधी बघ.

२९. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवरून यायचं असेल तर मधे भरपूर वेळ सोड — तिथलं धुकं आपल्या राजमाचीच्या धुक्यासारखं फोटो काढण्यापुरतं नसतं, पहाटेची विमानं जमिनीला खिळवून ठेवतं.

३०. नकाशावर पट्टी ठेवून रस्ता काढू नकोस — पृथ्वी गोल आहे हे शाळेत पाठ केलंस, आता वापर. मी लेकाच्या जुन्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरला, तर तो पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेनवरून गेला.

३१. विमान मात्र त्या दोऱ्यावरून जात नाही, म्हणून वेळ पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे झाली तर घाबरू नकोस — युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. आकाशातही घाटासारखी वळणं पडतात. दिसत नाहीत एवढंच.

तरी तुमचं बरं आहे हो. एअर इंडियाचं पहिलं विमान लंडनला गेलं ते ८ जून १९४८ रोजी, मुंबईहून, 'मलबार प्रिन्सेस' नावाचं. पंख्यांचं विमान ते. कैरोला थांबलं, जिनिव्हाला थांबलं, मग लंडन. आपल्या गाड्या कर्जतला थांबतात तसं म्हण. फक्त तिथे वडा मिळाला नसावा.

३२. विमानात बसल्या बसल्या घड्याळ लंडनचं लाव आणि त्यांच्या रात्री झोप, त्यांच्या सकाळी जाग — डोळ्यांना समजवता येतं, पोटाला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या रात्री तीन वाजता भूक लागली तर घाबरू नकोस, ती मावळातली सकाळची भूक आहे. चिक्कीचा एक तुकडा खा आणि पड.

३३. पोचल्याच्या पहिल्या दिवशी दुपारी झोपू नकोस, बाहेर उन्हात चाल — ऊन नसेल तर उजेडात चाल. तिकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३४. मामांचं ते रेल्वेतलं मनगटी घड्याळ तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवलंय. काच जरा ओरखडलीय, पण काटे नीट आहेत. ते इथल्याच वेळेवर राहू दे, हातात लंडनचं घाल — एक तिथलं, एक घरचं.

३५. उतरलीस की फोन कर, सामान मिळायची वाट बघत थांबू नकोस — तिकडे सव्वासात झालेले असतील, इथे पावणेबारा. मी ओट्यापाशी असेन, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असेल. वाजत राहिला तर ठेवू नकोस, हात पुसून येतेच.

तुझी,
आत्या